पाटलाचा मुतखडा

यशवंतराव ठोंबरे बायकोवर कधी ओरडत नसत, हात तर कधीच उगारला नाही. दारू नाही, विडी नाही, पत्ते फक्त दिवाळीत. शौक एकच होता, बायकोचं हिंदी. ते ऐकायचं, ध्यानात ठेवायचं आणि चार माणसांत बसून तिच्याच आवाजात करून दाखवायचं. माणसं पोट धरून हसत. वनमालाबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या असत आणि त्याही थोडंसं हसत, कारण अशा वेळी न हसणाऱ्या बाईला लोक तुसडी म्हणतात.

नागपूरला हा शौक जमण्यासारखा नव्हता. तिथे दारावरचा भाजीवालाही वऱ्हाडी बोले, आणि वनमालाबाई हिंगणघाटकडच्या, त्यांचं सगळं आयुष्य त्या एका बोलीत सुखाने चाललं होतं. मग छत्तीसगड झालं, रायपूर राजधानी झाली, रेल्वेने तिथे नवा विभाग काढला आणि यशवंतराव बढती घेऊन तिकडे गेले. चौबे कॉलनीत भाड्याचं घर मिळालं. शेजार सगळा हिंदी. यशवंतरावांचं शिक्षण जबलपूरला झालेलं, त्यांचं हिंदी रेडिओवरच्या बातम्यांसारखं. बाई मात्र पन्नाशीला टेकलेल्या, उंबरा ओलांडला की मुक्या.

पहिल्याच महिन्यात शेजारच्या दीदींनी विचारलं, "भाभीजी, कल पाठ में नहीं आईं?" सुंदरकांडाचा पाठ होता. बाईंना वाटलं, दीदी पाठदुखीचं विचारताहेत. म्हणाल्या, "पाठ में ही तो दुखता है, दीदी. बाम लगाया." हा किस्सा यशवंतरावांनी ऑफिसात सांगितला, तो वरपर्यंत गेला, आणि एक दिवस खुद्द साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून तो पुन्हा सांगायला लावला. त्या दिवसापासून यशवंतराव नुसते शौकीन राहिले नाहीत, कलावंत झाले.

कलावंताला नवा माल लागतो. घरात एकाच लाइनवर दोन फोन होते, एक बैठकीत आणि एक झोपायच्या खोलीत. बाईंनी बैठकीतला उचलला की यशवंतराव खोलीतला हलकेच उचलत, बोलायच्या बाजूवर तळहात दाबून धरत आणि ऐकत. बाईंना बारीक खट्ट ऐकू येई. त्यांना वाटे, राजधानी झाली पण इथले फोन काही सुधारले नाहीत.

यशवंतराव वनमालाबाईंशी त्यांच्या बोलीत बोलत, पण कामापुरतं. गप्पा मारणारं त्या घरात कोणी नव्हतं, पण ऐकणारा एक होता. तो होता पाटील. पाटील म्हणजे भगव्या रंगाचा, जाड मानेचा बोका. नागपूरच्या क्वार्टरमध्ये पिल्लू असताना आला, आणि चालण्यातली ऐट बघून बाईंनी त्याला पाटील म्हणायला सुरुवात केली. एकुलता मुलगा अभिनव नोकरीसाठी हैदराबादला गेला होता, तो फोनवर आईशीही हिंदीतच बोले. पाटील मात्र ओट्याशी बसून बाईंचं सगळं बोलणं ऐके, डोळे अर्धे मिटून, आणि एकाही शब्दाला हसत नसे. बाईंचा त्याच्यावर जीव होता. नवऱ्यावर होता त्यापेक्षा जास्त, आणि यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

हा पाटील एके सकाळी न्हाणीघराच्या मोरीत जाऊन बसला आणि बसूनच राहिला. उठला, दोन पावलं गेला, पुन्हा बसला. बाईंना वाटलं, पोट साफ होत नाही. त्यांनी चमचाभर एरंडेल पाजलं. दुसऱ्या दिवशी तो ओट्याखाली बसला, मग पायपुसण्यावर, मग यशवंतरावांच्या खुर्चीवर. यशवंतरावांनी चप्पल फेकून मारली. नेम चांगला होता. पाटील उडी मारून पळायचा, तसा पळाला नाही. खाली उतरला, पोट जमिनीला लावून बसला आणि घशातून असा आवाज काढला की बाई पोळी तव्यावर टाकून आल्या. पांढऱ्या फरशीवर रक्ताचा एक थेंब होता, वाटाण्याएवढा. लघवी नव्हतीच.

तेव्हा बाईंना कळलं. त्यांच्या वडिलांना मुतखडा होता. माणूस कसा उठतो, कसा बसतो, कसा भिंत धरतो, ते त्यांनी लहानपणी पाहिलं होतं.

"अहो, पाटलाले मुतखडा झाला जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मुतून नाई राहिला तो. स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेऊ ना."

त्या दिवशी यशवंतरावांनी रजा टाकली होती. कारण मोठं होतं. संध्याकाळी साहेब आणि त्यांच्या मॅडम पहिल्यांदा घरी चहाला येणार होते.

"साहेब येऊन राहिले संध्याकाळी, अन् मी मांजर मांडीवर घेऊन गावभर हिंडू?" ते म्हणाले. "जनावर आपलं आपण बरं होते. तू भज्याचं पाहा."

"मरंल हो तो."

"मग फोन कर दवाखान्यात. विचार. फोन आहे ना घरात?"

हे बोलताना त्यांच्या मनात काही होतं असं नाही. पण बोलून झाल्यावर आलं. साहेबांनी पाठदुखीचा किस्सा तीनदा ऐकला होता, आणि संध्याकाळसाठी यशवंतरावांकडे नवं काहीच नव्हतं. ते वर्तमानपत्र घेऊन झोपायच्या खोलीत गेले.

डिरेक्टरी जुन्या राज्याच्या काळातली होती. त्यातून बाईंनी जनावरांच्या दवाखान्याचा नंबर शोधला. राजधानी झाल्यापासून कचेऱ्यांची अशी काही हलवाहलव चालली होती, की शहरातला तो नंबर आता बीरगावच्या पलीकडे, खेड्यातल्या गुराढोरांच्या एका केंद्रात वाजत असे. हे बाईंना माहीत असायचं काही कारण नव्हतं. फोन एका दमलेल्या डॉक्टरने उचलला. मागे म्हैस हंबरत होती.

बाईंनी पदर सावरला, जणू डॉक्टर समोरच बसलाय. "साब, हमारा बोका है ना, उसको मूत नहीं हो रही. बैठता है, उठता है, फिर बैठता है. रगत गिरता है."

"क्या है आपका?"

"बोका, साब. बोका."

"हव, बोकरा," डॉक्टर म्हणाला.

आता, छत्तीसगढीत बोकरा म्हणजे बोकड. डॉक्टरचा जन्म बकऱ्या, बोकड आणि म्हशींत गेलेला, त्याने मराठी बोका कधी ऐकलाच नव्हता. बाईंना वाटलं, इकडची माणसं बोक्याला बोकरा म्हणत असतील, प्रेमाने. त्यांना त्या माणसाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

"नाम?" डॉक्टरने विचारलं.

"पाटील."

"हाँ, पाटील बाई. बधिया है क्या?"

बधिया म्हणजे खच्ची केलेला. बाईंना ऐकू आलं बढ़िया.

"हाँ साब, भोत बढ़िया है," त्या म्हणाल्या. "उसके सरीखा बढ़िया कोई नहीं."

खोलीत यशवंतरावांनी रिसीव्हर छातीशी दाबला. त्यांचे खांदे हलत होते, डोळ्यांत पाणी आलं होतं. इतकं सुंदर आजवर काही मिळालं नव्हतं. त्यांनी घाईघाईने रिसीव्हर पुन्हा कानाला लावला, पुढचं हातचं जाऊ नये म्हणून.

"तो होगा ही," डॉक्टर म्हणत होता. "बधिया को पथरी होती ही है. नौसादर पानी में घोल के पिला दो, अभी और शाम को. नहीं खुला तो कल सुबह ले आना. आगे का टुकड़ा काट देंगे, मिनट भर का काम है."

"काट देंगे?"

"हव, काट देते हैं. बोकरा का तो ऐसे ही खोलते हैं." आणि त्याने फोन ठेवला. त्याची काही चूक नव्हती. बोकडाचा रस्ता अडला की तसंच करतात, आणि बोकड उठून चारा खायला लागतो.

बाई फोनपाशी उभ्या राहिल्या. आगे का टुकड़ा म्हणजे काय, हे त्यांना सांगायला लागलं नाही. त्यांचा पाटील, आणि तिथे कात्री. दवाखान्यात न्यायचा विचार तिथल्या तिथे संपला, आता उरलं फक्त नौसादर.

नौसादर म्हणजे नवसागर. एवढा शब्द त्यांना कळला, कारण भांड्यांना कल्हई लावणारा तो वापरतो, धूर निघतो, डोळे झोंबतात. तो बोक्याच्या घशात घालायचा? त्या खोलीच्या दारात गेल्या. यशवंतराव पलंगावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. नाक लाल होतं.

"डॉक्टर नवसागर पाज म्हणते. कल्हईवाला असते ना, तो. पाजू का जी?"

या क्षणी यशवंतरावांनी एक वाक्य बोलायचं होतं. अगं, त्याला वाटलं बोकड आहे. एवढंच. मराठीतच बोलायचं होतं, त्यात काही अवघड नव्हतं. पण विनोद असा अर्ध्यात खुडला की मग त्यात काही राहत नाही. बाईंनी नवसागर आणायला हवा, पाजायला हवा, तरच संध्याकाळी शेवट जमणार. आणि शेवटी मांजर ते मांजर, थोडं ओकेल, बाकी काय.

"डॉक्टरनं सांगितलं ना?" ते वर्तमानपत्रातून म्हणाले. "मग मले कायले विचारते? तुले डॉक्टरपेक्षा जास्त समजते का?"

बाई चालत गेल्या, ब्राह्मणपारा मोहल्ल्याच्या तोंडाशी एक जडीबुटीवाला बसतो त्याच्याकडून पुडी आणली, पाण्यात विरघळवली. पाटलाला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं. एरवी तो असा धरू देत नसे, ओरबाडायचा. आज त्याच्यात ओरबाडायची ताकद नव्हती. पोट हाताला कडक लागत होतं, पिकायच्या आधीच्या कवठासारखं. बाईंनी जबडा उघडला आणि चमच्याने पाणी सोडलं. तो खोकला, नाकातून फेस आला. त्यांनी दुसरा चमचा सोडला.

"पी रे माह्या राजा," त्या म्हणत होत्या. "नाईतर कापतीन ते तुले. पी. एवढं घे."

सगळं पाजून झालं. स्वतःच्या हाताने, एक थेंब सांडू न देता. पाटलाने फेस ओकला, मग पिवळं पाणी ओकलं, आणि मग जबडा उघडा टाकून पडून राहिला. जीभ पांढरी पडली होती. बाईंनी त्याला स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलं आणि बेसन कालवायला घेतलं, कारण साहेब यायची वेळ झाली होती.

साहेब आले. मॅडम आल्या. घर छान आहे, राजधानी झाल्यापासून भाडी फार वाढलीत, रस्त्याने लाल दिव्याच्या गाड्यांनी जीव नकोसा केलाय, असं सगळं बोलून झालं. मग साहेबांनीच विषय काढला. "ठोंबरे, कुछ नया सुनाओ भाई."

बाई आत भजी तळत होत्या. नवऱ्याचा आवाज बदलला, तो बारीक, गावंढळ झाला, आणि त्यांना कळलं की आता आपण बोलतोय. नेहमीप्रमाणे त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पण मग त्यांना बोका ऐकू आलं. मग बोकरा. मग साहेबांचं पहिलं हसू. झारा हातात धरून त्या दाराशी आल्या.

"डॉक्टर पूछ रहा है, बधिया है? यानी बकरा खस्सी है क्या. और हमारी श्रीमती जी," यशवंतरावांनी पदर सावरल्याचा अभिनय केला, "हाँ साब, भोत बढ़िया है. उसके सरीखा बढ़िया कोई नहीं."

साहेब इतके हसले की त्यांनी कप खाली ठेवला. मॅडमनी रुमाल तोंडाला लावला.

"रुकिए सर, अभी खतम नहीं हुआ. डॉक्टर ने बकरे की दवा बता दी. नौसादर. और ये जाकर ले भी आईं, और पिला भी दिया."

बाई दारातच उभ्या होत्या. बोकरा म्हणजे बोकड, हे त्यांना आता, या खोलीत, या हसण्यात समजत होतं. कापायचं ते बोकडाला. नवसागर तो बोकडाला. तेल झाऱ्यावरून मनगटावर ओघळलं, ते भाजल्याचं त्यांना नंतर कळलं.

"आपने सुना था?" त्या म्हणाल्या. पाहुण्यांसमोर त्या स्वतःहून कधी बोलत नसत, म्हणून सगळे वळले. "फोन पे, आपने सुना था?"

"सुना था?" यशवंतराव साहेबांकडे बघून म्हणाले. "अरे, दूसरे फोन पर कान लगाकर सुना. नहीं तो ये हीरा कहाँ मिलता?" साहेब पुन्हा सुटले.

मॅडमचं हसू मात्र जरा आधी थांबलं. त्यांच्याकडे पॉमेरेनियन कुत्रा होता. "पर बिल्ले का क्या हुआ?" त्यांनी विचारलं. "पेशाब बंद होना तो खराब होता है. हमारे टॉमी के डॉक्टर यहीं बैठते हैं, पानी की टंकी के सामने. दिखा दीजिए न."

"दिखा देंगे, दिखा देंगे," यशवंतराव म्हणाले. "वनमाला, भजे आण ना."

वनमालाबाईंनी आत जाऊन गॅस बंद केला, टोपली उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. रिक्षा कशी थांबवली, काय बोलल्या, ते त्यांना आठवलं नाही. पानी की टंकी एवढं म्हणाल्या असतील. टोपलीतून आवाज येत नव्हता. फक्त पोट भरभर हलत होतं आणि त्या त्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

डॉक्टर तरुण होता, हात स्वच्छ. त्याने पाटलाचं पोट चाचपलं आणि चेहरा बदलला. "पेशाब की थैली फूट गई है अंदर," तो म्हणाला. "कब से बंद है?"

बाईंनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "काटना पड़ता था, साब?"

"काटना? बिल्ले को क्यों काटेंगे, माताजी? पतली नली डालते हैं, पथरी पीछे सरक जाती है, पेशाब खुल जाता है. सुबह ले आतीं तो शाम तक दूध पीता." मग त्याने जबडा उघडून पाहिला. "और ये मुँह किससे जला?"

बाईंनी तेही सांगितलं. सगळं सांगितलं, तुटक्या हिंदीत, एक अक्षर न लपवता. डॉक्टर हसला नाही. तो वाचणार नाही, हाल तरी थांबवू, म्हणाला. त्याने सुई दिली, आणि पाटील बाईंच्या हाताखाली हलायचा थांबला. मग डॉक्टरने आणखी एक प्रश्न विचारला, बाईंनी त्याचं उत्तर दिलं, आणि त्याने मान खाली घातली. पाटलाला तिथेच ठेवावं लागलं. भाड्याच्या घराच्या अंगणात फरशी होती, खणायला जागा नव्हती. सकाळी महापालिकेची गाडी नेईल, म्हणाला.

बाई घरी आल्या तेव्हा पाहुणे गेले होते. यशवंतराव बैठकीत बसून गार भजी खात होते. संध्याकाळ उत्तम गेली होती. साहेबांनी जाताना पाठीवर थाप मारली होती.

"कुठं गेली होती वं तू न सांगता?" ते म्हणाले. "मॅडम विचारून राहिल्या होत्या. बरं दिसते का हे?"

"पाटील गेला," बाई म्हणाल्या.

"अरे रे." त्यांना थोडं वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी भजं ताटलीत ठेवलं. पण आत काहीतरी वळवळत होतं, आणि ते दाबून ठेवणं त्यांना जमेना. "मग या डॉक्टरले काय सांगितलं तू? पुन्हा बोकाच म्हणली का?" ओठांच्या कडा आधीच हलायला लागल्या होत्या.

"नाई. बिल्ला म्हटलं."

"अन् तो काय म्हणे?"

"म्हणे, घर में कोई हिंदी जाननेवाला नहीं था क्या? आपके पति?"

"मग? मग तू काय म्हणली?"

वनमालाबाईंनी ते उत्तर तिथे दिलं होतं तसंच दिलं, सावकाश, शब्द सुटे सुटे करून. "मेरे पति नहीं रहे."

यशवंतरावांनी सवयीने ते वाक्य मनातल्या मनात तपासलं. लिंग, वचन, क्रियापद. हिंदी अचूक होतं.